कॅज्युअल म्हणजे कोण?

माझी चूक झाली की ती बहुधा इंग्रजीतच होते. मराठीत मी चुकत नाही असं नाही. पण मराठीतली चूक लोक ऐकून सोडून देतात, इंग्रजीतली जन्मभर लक्षात ठेवतात.

यंदा फेब्रुवारीत आमच्या कंपनीची सहल केळव्याला निघाली. एचआरला नव्याने आलेल्या मॅडमनी ग्रुपवर मेसेज टाकला : रविवार, सकाळी नऊ, समुद्रकाठचं रिसॉर्ट. आणि खाली एकच ओळ, ‘ड्रेस : कॅज्युअल्स’. आता बोईसरच्या कारखान्यात, हजेरी लिहिणाऱ्या टाइम ऑफिसच्या एकाच खुर्चीत सव्वीस वर्षं बसलेल्या माणसाने याचा अर्थ काय घ्यायचा? आमच्याकडे ड्रेस म्हणजे युनिफॉर्म, आणि कॅज्युअल म्हणजे ठेकेदाराची माणसं. मी मनात म्हटलं, बाई नवीन आहेत पण चांगल्या आहेत. गरिबांनाही सहलीला नेतायत. लगेच ठेकेदाराला, दुबेजींना फोन लावला.

“दुबेजी, संडे को सब कॅज्युअल लोग ड्रेस में चाहिए. केळवा. नौ बजे.”

“साहब, हेल्मेट भी?”

“हेल्मेट भी,” मी म्हणालो. अर्धवट काम मला आवडत नाही.

रविवारी सुरूच्या झाडांखाली आमचे साहेबलोक फुलाफुलांचे शर्ट आणि अर्ध्या चड्ड्या घालून नारळपाणी पीत होते. तेवढ्यात टेंपो आला. त्यातून चौदा माणसं उतरली. निळा ड्रेस, पायात लोखंडी टोकाचे बूट, डोक्यावर पिवळी हेल्मेटं. उतरून सवयीने एका ओळीत उभी राहिली. पुढच्याने वाळूकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं, आणि मला हळूच विचारलं, “साहेब, मशिन कुठं हाय?”

हसून हसून मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅनेजरसाहेबांनी फोटो काढला. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो, कारण चूक माझी होती आणि आपल्या चुकीवर आपणच आधी हसून घेतलं की दुसऱ्याचं हसणं कमी बोचतं, हे मी फार पूर्वी शिकलोय. टेंपो परत गेला होता, म्हणून ती चौदा माणसं दुपारपर्यंत तिथेच थांबली. जेवणाची ताटं मोजून सांगितलेली; त्यांना वडापावची पार्सलं मागवली. समोर समुद्र होता, पण एकानेही बूट काढले नाहीत. ड्युटीवर बूट काढायचे नसतात, असं आम्हीच त्यांना सांगितलेलं आहे.

घरी येऊन मी हा सगळा किस्सा बायकोला रंगवून सांगितला. वासंती केळव्याजवळच्या माहीमच्या वाडीतली, हसरी बाई; पण ती हसली नाही. भिजवलेल्या वालाची सालं काढत होती, ती काढत राहिली. मग म्हणाली, “अजून तोच शब्द का?”

तोच शब्द. तोच महिना.

*

आम्ही राहतो त्या सालवडला ऋतू नाकाने कळतात. फेब्रुवारीच्या सकाळी वारा कारखान्यांकडून येतो, त्यात काहीतरी कडसर, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारं असतं. अकरा वाजता वारा फिरतो आणि समुद्राकडून घिवलीकडच्या वाळत्या बोंबलांचा वास येतो. नवा माणूस नाक धरतो, आम्ही फक्त खिडकी लावतो. मधेच मेव्हणा माहीमहून पानं-केळी घेऊन आला की त्याच्या पिशवीला आंब्याच्या मोहोराचा वास लागलेला असतो. पाच वर्षांपूर्वी, माझ्या मुलीच्या दहावीच्या वर्षी, हे तिन्ही वास आमच्या जेवणाच्या टेबलावर, तिच्या इंग्रजीच्या गाइडवर बसलेले असायचे. श्वेता खुर्चीत एक पाय वर घेऊन बसायची आणि समानार्थी शब्दांचा जप करायची. ब्रेव्ह, करेजियस, बोल्ड. स्कार्स, रेअर. वासंती ओट्यापाशी उभी राहून म्हणायची, “एका शब्दाला एवढी नावं कशाला ठेवतात गो?”

“मार्क असतात आई त्याला.”

“हां, मग ठीक हाय.”

इंग्रजी मी शिकवायचो. मी मूळचा घाटावरचा. कऱ्हाडच्या कॉलेजात इंग्रजीत पहिला आलो होतो, ही गोष्ट सालवडमध्ये कुणाला माहीत नसेल तर तो दोष माझा नाही, मी प्रयत्नांत कसूर केलेली नाही. आमच्या बिल्डिंगमधलं कुणीही बँकेला, शाळेला, वीजमंडळाला अर्ज करायचा झाला की माझ्याकडे यायचं. मी चष्मा लावायचो, कागदावर वितभर समास सोडायचो. माणसाला काय म्हणायचंय ते अर्धंच ऐकायचो, कारण चांगलं वाक्य तोवर सुचलेलं असायचं. आणि सुचलेलं वाक्य वाया घालवणं माझ्या जिवावर येतं.

एके दिवशी श्वेताने शब्द काढला, “पप्पा, कॅज्युअल. ॲडजेक्टिव्ह. रिलॅक्स्ड, इन्फॉर्मल. म्हणजे तुमच्या फॅक्टरीतले कॅज्युअल एकदम रिलॅक्स्ड असतात?”

आम्ही तिघं खूप हसलो होतो तेव्हा.

*

शब्दांचंही माणसांसारखंच असतं. एका गावात त्यांना मान असतो, दुसऱ्या गावात तेच दारोदार हिंडतात. हा शब्द इंग्रजी मासिकात भेटतो तेव्हा कसा सैल, पांढऱ्या बुटांत, खिशात हात घालून उभा असतो. सहज भेट, सहज पोशाख, सहज बोलणं. आमच्या गेटवर आला की त्याच्या पाठीला घाम येतो. इथे तो विशेषण राहतच नाही, नाम होतो. ‘आज कॅज्युअल किती आले?’ बोलणाऱ्याला कॅज्युअल काय, असं कुणी विचारत नाही. कॅज्युअल माणूस म्हणायचं, तर त्यातला माणूस कधीतरी गळून पडला आणि विशेषण एकटंच कामावर येऊ लागलं.

आमचा गेटवरचा रखवालदार हा शब्द देवनागरीत लिहायचा आणि त्याच्या कानाला तो जसा ऐकू आला तसा लिहायचा : काजल. वहीत रोज, ‘काजल १४ आत. काजल १४ बाहेर.’ एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं होतं, एवढ्या बायका कुठल्या खात्यात आहेत म्हणून. या विनोदावर मी कितीतरी वर्षं निभावलं.

आणखी एक गंमत सांगतो; सांगताना ती गंमत राहत नाही. कायम कामगाराला वर्षाला ठरावीक कॅज्युअल लीव्ह मिळते. सरकारी मराठीत तिला नैमित्तिक रजा म्हणतात. कॅज्युअल कामगाराला कॅज्युअल लीव्ह नसते. त्याला असतो तो ‘ब्रेक’. काही महिने सलग भरत आले की त्याला थोडे दिवस घरी बसवायचं, मग नवं कार्ड देऊन नवा माणूस म्हणून आत घ्यायचं. म्हणजे तो कधीच जुना होत नाही. ही कार्डं मी लिहायचो. माझं अक्षर चांगलं आहे.

त्यांच्यातलाच नवसू. मनोरच्या पलीकडच्या डोंगराळ भागातल्या एका पाड्यावरचा. पावसावर पिकणारं एक वावर, त्यात भात, आणि भातामागून जमिनीतल्या ओलीवर वाल. नऊ वर्षं आमच्याकडे माल सुकवायच्या ड्रायरवर होता आणि या नऊ वर्षांत मी त्याला कितीतरी वेळा नवा माणूस केला होता. दर वेळी कार्ड घेताना तो उलटसुलट करून बघायचा.

“झालां साहेब, पुन्यांदा जन्म झाला.”

“या वेळी तरी शहाणा हो,” मी म्हणायचो.

“शाना झालो तं तुमी आत घ्याल का?”

त्या वर्षी मात्र गोष्ट वेगळी होती. ड्रायरवरचे जुने ऑपरेटर एप्रिलमध्ये निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी नवसूला कायम करायचं, असं मॅनेजरसाहेब स्वतः म्हणाले होते. चारचौघांत म्हणाले होते. नवसूने एवढंच विचारलं, “म्हंजे आता ब्रेक नाय?” नाही, म्हटलं. मग म्हणाला, “मंग वावरात कदी जायाचां?” आणि हसला. नऊ वर्षांत मला त्याचे वरचे दात तेव्हा पहिल्यांदा दिसले.

*

ड्रायरच्या पंख्याला एक पट्टा आहे. त्या पट्ट्यावर जाळी असते. हात आत जाऊ नये म्हणून. ती जाळी वेल्डिंगला काढून नेली होती आणि परत आली नव्हती. तक्रारीची वही आमच्या टाइम ऑफिसात असते आणि ती इंग्रजीत लिहायची, असा रिवाज. कॅज्युअल माणसाला त्यात लिहिता येत नाही. तो येऊन मला सांगतो, मी लिहितो. नवसू येऊन सांगून गेला. पुन्हा एकदा आला.

“साहेब, ती जाली...”

“लिहितो रे. दिसतंय ना, कामात आहे.”

कामात होतो, हे खोटं नव्हतं. श्वेताच्या परीक्षेला महिना राहिला होता आणि मी ऑफिसच्या पाठकोऱ्या कागदांवर तिच्यासाठी समानार्थी शब्दांच्या याद्या करत होतो. अक्षर नेहमीसारखंच सुरेख होतं.

एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, वारा फिरायच्या वेळेला, नवसूचा उजवा हात पट्ट्यात गेला. तीन बोटं गेली. मी पोचलो तेव्हा त्याला जमिनीवर बसवलं होतं आणि कुणीतरी त्याचा हात त्याच्याच शर्टात गुंडाळला होता. तो ओरडत नव्हता. मला बघून म्हणाला, “साहेब, मशिन बंद करा, माल जळंल.”

दुपारी मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. “जगदाळे, रिपोर्ट तुम्हीच लिहा. तुमचं इंग्रजी कसं साधं, सरळ असतं.”

कौतुक मला चढतं. सगळ्यांनाच चढतं, पण माझं उतरायला वेळ लागतो. जाळीबद्दल लिहू का, म्हटलं, तर ते म्हणाले, “ते मेंटेनन्सचं. ते वेगळं लिहू नंतर.” मी मान हलवली. मग कामगार कायम की ठेक्याचा, हे लिहायची पाळी आली. फॉर्मवर त्याला चौकोन नव्हता, म्हणून मी एक सुटसुटीत वाक्य केलं : ही वॉज कॅज्युअल ॲट द टाइम ऑफ ॲक्सिडेंट. अपघाताच्या वेळी तो कॅज्युअल होता. म्हणजे, कायम झालेला नव्हता. आमच्या गेटच्या आत कुणालाही विचारा, याचा हाच अर्थ. वाक्य मी दोनदा वाचलं. छोटं होतं, ठाशीव होतं. मला आवडलं. सही केली.

*

परीक्षा सुरू झाली. मराठीचा पेपर झाला, मधे सुट्टी, मग इंग्रजी. त्या आधीच्या रविवारी दुपारी श्वेता उजळणी करत होती, मी आडवा पडलो होतो. पंखा गरम हवाच फिरवत होता.

“कॅज्युअल. रिलॅक्स्ड, इन्फॉर्मल. टेंपररी. केअरलेस...”

“केअरलेस कुठून आणलंस?”

“तुम्हीच लिहून दिलंय पप्पा. हे बघा, तुमचं अक्षर.”

होतं. माझंच अक्षर, माझीच यादी. नवसू दारात उभा असताना केलेली. उठून मी थोरला शब्दकोश काढला. त्यातही होतं : बेफिकीर, लक्ष न देणारा. तो कोश मी कॉलेजात बक्षीस मिळवलेला आहे. माझं वाक्य मी त्या अर्थाने मनात वाचून बघितलं. अपघाताच्या वेळी तो निष्काळजी होता. व्याकरणाला काही बाधा येत नव्हती. उलट, वाक्य आता जास्त चांगलं लागत होतं. ‘अपघाताच्या वेळी’ हे शब्द त्या अर्थालाच शोभत होते.

सोमवारी मी मॅनेजरसाहेबांकडे गेलो. रिपोर्ट वर गेला होता, आणि वरच्यांनी तो मी लिहिला तसा नव्हे, कोशातल्यासारखा वाचला होता. कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात. भरपाईचा प्रश्न येत नाही. अशा माणसाला पुन्हा आत घेणं धोक्याचं. म्हटलं, “साहेब, मला तात्पुरता म्हणायचं होतं. दुरुस्तीचं पत्र देतो.”

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. “जगदाळे, तुमचं इंग्रजी या कंपनीत सगळ्यांत चांगलं आहे, असं मी सगळीकडे सांगतो. तुम्ही लेखी देणार, की तुम्हाला कॅज्युअलचा अर्थ माहीत नव्हता? मग आजवर एवढ्या जणांच्या फायली तुम्ही लिहिल्यात, त्यांचं काय समजायचं? आणि जाळीचंही येईल त्यात. वहीत नोंद का नाही, तेही येईल. बघा. मी नको म्हणत नाही.”

ते नको म्हणाले नाहीत, हे मी आजही प्रामाणिकपणे सांगतो. नको मी म्हणालो. घरी येऊन पत्र तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. वासंती म्हणाली, “लिहिलंत ना? मग द्या की.” मी म्हणालो, मुलीची दहावी आहे, नोकरीवर आलं तर? ही सबब चांगली होती, मुलीच्या नावाची सबब नेहमीच चांगली दिसते. खरं कारण याहून बारीक आणि याहून घाण होतं. मला इंग्रजी येत नाही, असं माझ्याच सहीने लिहून देणं मला जमत नव्हतं. एका माणसाचा हात एका बाजूला आणि कऱ्हाडच्या कॉलेजातला पहिला नंबर दुसऱ्या बाजूला. आणि नंबर जड भरला.

*

त्याच आठवड्यात, इंग्रजीच्या पेपरच्या आदल्या दिवशी संध्याकाळी नवसू घरी आला. डाव्या हातात वालाच्या शेंगांची पिशवी. उजवा हात पांढऱ्या पट्ट्यांत, छातीशी धरलेला, जसं कुणी दुसऱ्याचं मूल सांभाळायला घेतलंय. वासंतीने पाणी दिलं. तांब्या कुठल्या हाताने घ्यायचा, हे त्याला क्षणभर उमगलं नाही.

“साहेब, गेटवर बोलतात, तुज्याच साहेबाने लिवलंय. काय लिवलंय तां?”

“अरे, ते... तू कॅज्युअल होतास, असं लिहिलंय.”

“तां तं मी हायेच,” तो म्हणाला. त्याचा चेहरा जरा मोकळा झाला. “त्यात लपवायचां काय? नव वर्सां काजलच हाय मी. मंग माजी चूक काय धरली?”

मी बोलायला तोंड उघडलं. एवढ्यात आतून, दाराआडून, पाठांतराच्या त्या सरळ स्वच्छ आवाजात श्वेता म्हणाली, “त्याचा अजून एक अर्थ आहे ना पप्पा? केअरलेस. निष्काळजी.”

पोरीने कौतुकासाठी सांगितलं होतं. यादीतला शब्द बरोबर आठवला की मी तिला शाबास म्हणायचो. त्या दिवशी शाबास आलं नाही.

नवसूने तो शब्द एकदा ओठांत फिरवला. मग आपल्या हाताकडे बघितलं. “असां होय,” म्हणाला. “पण साहेब, जालीचां मी तुमालाच सांगितलां व्हतां ना? दोन डाव?”

“हो.”

“हां. मला वाटलां, मीच इसरलो का काय.”

एवढंच. ओरडला नाही, शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर तिचेही समानार्थी शब्द मला येतात, मी कुठेतरी तिला बसवून टाकली असती. पिशवी त्याने उंबऱ्याशी ठेवली. वासंती मागोमाग जिन्यापर्यंत गेली, “थांब रे दादा, चहा तरी घे,” म्हणत. तो थांबला नाही. वर आल्यावर तिने त्या शेंगा सोलल्या नाहीत, शेजारी देऊन टाकल्या.

श्वेताला इंग्रजीत ब्याण्णव पडले. डिप्लोमा करून ती आता पुण्याला नोकरीला असते. फोन करते, चौकशी करते, औषधं घेतली का विचारते. पण त्या दिवसानंतर तिने मला एकाही शब्दाचा अर्थ विचारलेला नाही.

*

मराठीत या एका विशेषणाला किती शब्द आहेत ते मी नंतर रिकाम्या वेळी लिहून काढलं. खोड जात नाही. हंगामी. तात्पुरता. बदली. रोजंदारीचा. सहज. किरकोळ. अवचित. बेफिकीर. ऐसपैस. आपल्या भाषेत हे सगळे वेगवेगळ्या घरांत राहतात, एकमेकांचे कपडे घालत नाहीत. हंगामी माणसाला कुणी बेफिकीर म्हणणार नाही. उलट त्याच्याइतका जपून पाय टाकणारा दुसरा कोण असेल? इंग्रजीने या सगळ्यांना एका खोलीत कोंडलं आणि किल्ली माझ्यासारख्याच्या हातात दिली. असं मी लिहिलं, वाचलं, मला आवडलं. आणि मग लक्षात आलं की मी पुन्हा छान वाक्य करतोय. भाषेचा काय दोष? जाळीची नोंद मराठीतही केली असती तर चालली असती. कुणी मला फासावर दिलं नसतं.

नवसूच्या वतीने एका वकिलांनी दावा लावला, तो अजून चालू आहे. तारखा पडतात. वकील एकदा माझ्याकडेही येऊन गेले. म्हणाले, त्याच्याविरुद्ध कागद एकच आहे, तुमचा. तुम्ही येऊन सांगितलंत की शब्दाचा अर्थ हा होता आणि जाळीचं तुमच्या कानावर घातलं होतं, तर बाकी काही लागणार नाही. मी म्हणालो, “बघू.” ‘बघू’ हा शब्द कुठल्याही कोशात नीट दिलेला नाही. त्याचा अर्थ ‘नाही’ असा आहे.

*

तर केळव्याहून आल्यावर, ‘अजून तोच शब्द का’ असं वासंती म्हणाली, त्यानंतरच्या रविवारी मी मोटरसायकल काढली. मनोर सोडून आत वळलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस पेटलेला, भाताची कापलेली खुंटं, मधे मधे वालाचे हिरवे तुकडे. बायका टोपल्या घेऊन शेताकडे निघालेल्या. पाडा विचारत विचारत सापडला.

नवसू कुडाच्या सावलीत बसून डाव्या हाताने दोरी वळत होता. दोरीचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं. केस पांढरे झालेत त्याचे. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे. मला बघितलं, ओळखायला वेळ लागला नाही. झटकन उठला.

आणि माझ्या हातातल्या पिशवीकडे त्याची नजर गेली. पिशवीत मिठाई होती. त्याला काय वाटलं ते मला तो ओरडेपर्यंत कळलं नाही.

“अगं ए, भायेर ये! साहेब आलेत! कागूद झाला, कागूद घेवून आलेत!”

आतून त्याची बायको लगबगीने आली, हात पदराला पुसत. शेजारचे दोघे उठून उभे राहिले. सगळ्यांचे चेहरे माझ्या पिशवीकडे.

आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी वेड्यासारखा उभा राहिलोय. त्या अंगणापुढे केळव्याचा समुद्रकिनारा काहीच नाही.

“नाही रे नवसू,” मी म्हणालो. “कागद नाही. मी... माफी मागायला आलो. माझी चूक झाली होती. मी लिहायला पाहिजे होतं.”

उजवा हात त्याने सवयीने मागे घेतला होता. “कागूद हाय तसाच हाय?”

“हो.”

“आं,” तो म्हणाला. “बरां.” मग बायकोला, “चा ठेव गो. साहेब उनातून आलेत.”

खाट टाकली. कोरा चहा आला, गूळ घातलेला. त्याने यंदाच्या वालाचं सांगितलं, श्वेताचं विचारलं. ड्रायर अजून तोच आहे का विचारलं. दुसऱ्या कारखान्यांच्या गेटवर तो जाऊन आला होता, रखवालीचं काम मिळालं तर म्हणून. पण तिथे मागचं विचारतात, आणि मागचं सांगितलं की नको म्हणतात. हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही, विचारलं म्हणून सांगितलं. निघताना मी पुन्हा म्हणालो, “मनात ठेवू नकोस.” तो म्हणाला, “नाय साहेब. मनात ठेवून काय करू? जावा तुमी, ऊन चढतंय.” आणि मोटरसायकल खळग्यातून निघेना, तेव्हा मागून एका हाताने ढकललीसुद्धा.

खोटं कशाला बोलू? येताना मला हलकं वाटत होतं. पाच वर्षांनी एवढं हलकं वाटलं. रस्त्यात थांबून मी उसाचा रस प्यालो. पळस छान दिसत होता.

घरी आलो, हातपाय धुतले आणि वासंतीला सगळं सांगितलं. कसा गेलो, कसा शोधला, त्याने चहा कसा दिला, मनात ठेवत नाही म्हणाला. कागदाचं त्याला काय वाटलं, तेही सांगितलं. ते मात्र जरा भरभर. ती ऐकत होती. राग आला की तिची भाषा लग्नाआधीच्या माहीमला जाते, हे मला माहीत आहे, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत नव्हतो.

“म्हंजे तुमचा काम झाला,” ती म्हणाली. “आता त्याचा कदी करताव?”